दारापेक्षा उंच माणूस

पुण्यात थंडी आल्याचं मला आता मोबाईल सांगतो. कपाटातून स्वेटर निघायच्या आधीच आमच्या आगगाडीवाल्यांच्या ग्रुपवर निरोप येतो: 'यंदाच्या प्रदर्शनासाठी रविवारी जमू या. स्केल ठरवायची आहे. चहा-पोहे होतील.' त्याखाली अंगठ्यांची रांग लागते. मी अंगठा देत नाही आणि ग्रुपही सोडत नाही. ग्रुप सोडला की लोक फोन करून विचारतात, अहो काय झालं? आणि जे झालं ते इतकं लहान आहे, की फोनवर सांगायला गेलो तर मलाच वेडा ठरवतील.

आमचा छंद म्हणजे साठी उलटलेल्या माणसांनी खेळण्यातल्या गाड्या चालवणं. 'खेळण्यातल्या' म्हटलेलं आमच्यात खपत नाही, 'मॉडेल' म्हणायचं. आणि या छंदात शिरणाऱ्याला पहिला प्रश्न विचारतात तो स्केलचा. खरी गाडी किती पटींनी लहान करायची, ते आधी ठरवा, मग पुढचं बोला. एन स्केलमध्ये ती एकशे साठ पटींनी लहान होते, म्हणजे अख्खी गाडी डायनिंग टेबलावर वळते. एचओमध्ये सत्त्याऐंशी पटींनी, तिला खोलीची एक भिंत लागते. जी नावाची एक दांडगी स्केल आहे, तिच्यातलं इंजिन मांजराएवढं असतं आणि ते बागेत चालवायचं. बाग असली तर. धायरीतल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला बाग म्हणजे तुळस, कोरफड आणि बायकोने बादलीत लावलेला कढीपत्ता.

जागा बघून स्केल घ्या, असं सगळे सांगतात. खिसा बघून घ्या, असं काही जण हळूच सांगतात. मी मात्र स्केल निवडली ती एका माणसाला बघून, आणि हे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. वर्ध्याकडच्या एका लहान स्टेशनाच्या आसपासचे रूळ त्यांच्या टोळीच्या ताब्यात होते. खडी सारखी करायची, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या की ठोकायच्या, गवत काढायचं. बाकीचं वर्ष ते दिवसाचे नोकर असत. थंडीत मात्र त्यांची गस्त लागायची. कडक थंडीत लोखंड आखडतं आणि रूळ तडकतात. म्हणून अंधार पडला की खांद्यावर हातोडा, हातात कंदील आणि डोक्यावरून घोंगडी घेऊन ते निघायचे, आणि रुळावरून चालत पुढच्या स्टेशनाकडे जाऊन परत यायचे. थंडी म्हटलं की लोकांना हुरडा आठवतो, शेकोटी आठवते, गुळाची पोळी आठवते. मला पहाटेचं दार आठवतं. बाहेर खडीवर बूट वाजायचे, कडी निघायची, आणि घोंगडीवर दवाचे थेंब घेऊन एक उंच माणूस कमरेत वाकून आमच्या क्वार्टरमध्ये शिरायचा. आत आला की आधी चुलीपुढे पाय पसरायचा.

ते दार बुटकं होतं. क्वार्टर कधी बांधलं आणि कुणाच्या मापाने बांधलं, कोण जाणे. वडील सहा फुटी होते आणि दार त्यांच्या कपाळाशी संपायचं. आयुष्यभर ते आपल्या घरात वाकून शिरले आणि वाकून बाहेर पडले. मला लहानपणी वाटायचं, घरात शिरायची पद्धतच अशी असते. मी स्वतः चार फुटांचा असताना त्या दारातून वाकून जायचो, आणि आई हसायची.

त्यांचा उभा फोटो एकही नाही. नोकरीच्या कागदावरचा चेहरा तेवढा आहे, तोही शिक्क्याखाली अर्धा गेलेला. लग्नात फोटो काढण्याची ऐपत नव्हती, आणि नंतर जेव्हा ऐपत आली तेव्हा ते नव्हते. मी शिकलो, सरकारी नोकरीत लागलो, बढत्या घेत घेत पुण्यात आलो, धायरीत फ्लॅट घेतला, आईला इकडे आणलं. हॉलमध्ये बुद्धाच्या मूर्तीशेजारी तो चेहरा मोठा करून लावलाय. पण चेहरा म्हणजे माझे वडील नव्हेत. माझे वडील म्हणजे ती उंची, ते चालणं. निवृत्त झाल्यावर मी या छंदाच्या मागे लागलो ते एवढ्यासाठीच. मला गाडी नको होती. वडिलांना एकदा उभं करायचं होतं, त्यांच्या रुळाच्या कडेला, चार लोकांना दिसतील असं.

त्या वर्षी थंडी लवकर पडली होती. डायनिंग टेबलावर मटारांचा ढीग, एका बाजूला सुनंदा, म्हणजे माझी बायको, शेंगा सोलतेय, आणि दुसऱ्या बाजूला मी तांब्याच्या तारेला पुट्टी लावून माणसं करतोय. आधी एन स्केलचा माणूस केला. सेंटिमीटरभर. आईला दाखवला. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन गेलं होतं, तरी नजर यथातथाच. तिने तो तळहातावर घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "हे त मुंगी हाय रे." मग एचओचा केला, त्याच्या दुपटीला जरासा कमी. चष्मा लावून बराच वेळ पाहिला तिने. "आता माणूस दिसते," म्हणाली. अशी माझी स्केल ठरली. जर्मनीतल्या, जपानमधल्या मोठमोठ्या लोकांनी या विषयावर काय काय लिहून ठेवलंय. मी आईच्या चष्म्यावर भागवलं.

आमचा ग्रुप भरतो अरविंदरावांकडे. ते निवृत्त इंजिनिअर, प्रभात रोडच्या आतल्या बाजूला स्वतःचा बंगला, आणि वरच्या मजल्यावर एक अख्खी खोली स्वित्झर्लंडला दिलेली. बर्फाचे डोंगर, चर्च, गाई, आणि बोगद्यातून निघणारी लाल गाडी. माणूस वाईट नाही. पोहे स्वतः वाढतो. पण पोह्यांबरोबर पुण्यात जी चौकशी येते तीही आली. मूळ कुठले? आडनावावरून लक्षात नाही आलं. वडील कशात होते? मी म्हटलं, रेल्वेत. ते एकदम खुलले. म्हणाले, वा, म्हणजे रक्तातच आहे की तुमच्या, कुठल्या पोस्टवर? मी म्हटलं, गँगमन. 'असं होय,' म्हणाले, आणि लिंबाची फोड पुढे केली.

प्रदर्शनाची रीत अशी की प्रत्येकाने आपापल्या घरी एक फळी करायची. तिच्यावर डोंगर करा, गाव करा, काय हवं ते करा. फक्त दोन्ही टोकांना रूळ ठरलेल्या जागी आले पाहिजेत, म्हणजे फळ्या जोडल्या की गाडी सगळ्यांच्या गावांतून फिरते. त्यासाठी स्केल एकच हवी. बैठकीत निम्मे लोक एनच्या बाजूचे होते, फ्लॅटवाले. मी तोवर तिथे कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं आणि एचओसाठी भांडलो. अरविंदरावांना आनंद झाला, कारण त्यांचं स्वित्झर्लंड एचओतलंच होतं.

तेव्हा कुणीतरी एक शंका काढली होती, ती मी विसरलेलो नाही. आपल्याकडचा रूळ परदेशातल्या रुळापेक्षा रुंद. एचओमध्ये विकत मिळतो तो परदेशी मापाचा. म्हणजे भारतीय गाडी त्याच्यावर ठेवली की तिचे रूळ जवळजवळ तीन मिलिमीटरने अरुंद पडतात, पैलवानाला मुलाची चप्पल घातल्यासारखं. यावर अरविंदराव हसले. म्हणाले, अहो, तीन मिलिमीटर कोण बघतंय, एवढं चालवून घ्यायचं असतं. सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. मला त्या बोलण्यात मोकळेपणा वाटला होता.

ती थंडी माझ्या आयुष्यातली फार चांगली थंडी होती, हे कबूल करायला मला त्रास होतो. सकाळी उन्हात बसायचं आणि फळीवर एक एक गोष्ट उभी करायची. धायरीत बांधकामं पैशाला पासरी. तिथून वाटीभर दगडाची कच आणून चहाच्या गाळणीतून गाळली, ती रुळाखालची खडी झाली. सुनंदाने गाळणी नवीन आणली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मंडईतून एक वाळकं घोसाळं मिळालं. भाजीवाली म्हणाली, हे अंग घासायला नेताय का? मी म्हटलं, नाही मावशी, याची बाभूळ करायचीय. तिने पैसे घेतले आणि पुढे काही विचारलं नाही. त्याच्या जाळीची बाभूळ झाली. दिवाळीच्या उरलेल्या रांगोळीतल्या लाल रंगाची मिरची क्वार्टरच्या अंगणात वाळत घातली. घरभर फेव्हिकॉल, रंगाचा वास आणि गाजराचा हलवा.

आई खुर्ची ओढून शेजारी बसायची आणि चुका काढायची. हापसा इकडे नव्हता, तिकडे होता. शेळी काळी होती. कंदील उजव्या हातात. क्वार्टरचं दार केलं तेव्हा तिने वडिलांच्या मापाची तार उचलून दाराशी धरून पाहिली आणि म्हणाली, "बरोबर हाय. तुह्या बाबाले वाकूनच या लागे." वडिलांचे बूट कॅनव्हासचे होते, आणि दर थंडीत ते फाटत. ती दाभण घेऊन शिवायची. एका वर्षी काळा दोरा मिळाला नाही म्हणून डावा बूट पांढऱ्या दोऱ्याने शिवला, आणि त्याबद्दल टोळीतल्या माणसांनी वडिलांची फार थट्टा केली. आई म्हणाली, तो दोरा दाखव. मी म्हटलं, आई, अगं एवढा बूटच मुळात तिळाएवढा आहे. ती म्हणाली, मंग तिळावर दाखव. ब्रशचा एक केस ठेवून बाकीचे कापून टाकले आणि डाव्या बुटावर पांढरा ठिपका दिला. दुसऱ्या कुणाला तो दिसला नसता. तिला दिसला, की दिसल्यासारखं तिने केलं, हे मी विचारलं नाही.

तर असे माझे वडील उभे राहिले. हातोडा खांद्यावर, घोंगडी डोक्यावरून, गस्तीवरून परत आलेले, दारासमोर. अजून वाकायचे होते.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये फळ्या जोडायच्या होत्या. अरविंदराव हातात भिंग आणि मोजपट्टी घेऊन फिरत होते. माझ्या फळीपाशी थांबले, खाली वाकले, बाभळीचं कौतुक केलं, मिरचीचं केलं. मग म्हणाले, हा माणूस स्केलबाहेर गेलाय. मी म्हटलं, नाही गेलेला, सहा फुटांना सत्त्याऐंशीने भागून बघा. ते म्हणाले, पण विकतचे सगळे पुतळे याच्याहून मिलिमीटरभर कमी आहेत, हा त्यांच्यात उठून दिसतो. आणि मुख्य म्हणजे तो दारापेक्षा उंच आहे. बघणाऱ्याला वाटेल, आपल्याला मापच कळत नाही.

मी सांगितलं, दार तसंच होतं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती सांगता येणार नाही. पुण्यात राहिलेल्या माणसाला ती माहीत असते. आवाज न चढवता म्हणाले, "असं कसं असेल, साहेब? माणसापेक्षा दार लहान कोण बांधेल? एक तर दार उंच करा, नाहीतर याला बसवा."

त्यांना वाटलं, मी विसरलो असेन. लहानपणीचं आठवतं ते सगळं बरोबर असतंच असं नाही, असं त्यांनी मला समजावलंसुद्धा. त्या दारात मी माझ्या बापाला हजार वेळा वाकताना पाहिलंय, आणि मला माप शिकवत होता तो माणूस, ज्याच्या घराच्या दारातून हत्तीसुद्धा सरळ जाईल. पस्तीस वर्षं पुण्यात काढल्यामुळे राग आला की माझाही आवाज आता खाली जातो. मी म्हटलं, ते उभेच राहतील. आणि रिक्षा करून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला घेऊन गेलो. तिने विहारात नेसते ती पांढरी साडी नेसली होती आणि वर माझा स्वेटर घातला होता. हॉलमध्ये गर्दी होती, पोरं कठड्याला लोंबकळत होती, गाडी स्वित्झर्लंडच्या बोगद्यातून निघून वर्ध्याकडे येत होती. मी आईचा दंड धरून तिला आमच्या फळीपाशी नेलं. शेजारचे एक गृहस्थ बायकोला दाखवत होते, बघ, मिरच्यासुद्धा वाळत घातल्यात. आईने चष्मा पुसला आणि वाकली. बराच वेळ वाकून राहिली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "ह्याचे पाय कुठी गेले?"

मी पाहिलं. वडील दारासमोरच होते. घोंगडी होती, हातोडा होता, कंदील होता. पण गुडघ्यांपाशी ते संपले होते आणि त्यापुढे सरळ खडी सुरू होत होती. आता त्यांचं डोकं दाराच्या चौकटीखाली आरामात येत होतं. आता त्यांना वाकायची गरज उरली नव्हती.

अरविंदराव स्वतःच आले. चेहऱ्यावर काही लपवाछपवी नव्हती, उलट एक काम हातावेगळं केल्याचं समाधान होतं. रात्री जाता जाता त्यांनी पकडीने जरासं कापून घेतलं आणि भोक पाडून खाली बसवलं. तुम्ही दमला होता, म्हणून मीच केलं, म्हणाले. आता बघा, सगळं कसं मापात आलं. मी विचारलं, कापलेलं कुठे आहे? त्यांना प्रश्न कळलाच नाही. म्हणाले, "अहो, तो केर. झाडला असेल कुणीतरी."

तिळाएवढे बूट ते. त्यातल्या डाव्यावर पांढरा दोरा. हॉलच्या फरशीवर शोधावेत, असं मनात आलं, आणि मी खरंच खाली पाहिलंही. पोरांच्या चपला, शेंगदाण्याची टरफलं. शेकडो माणसं येऊन गेलेली.

रुळाला तीन मिलिमीटर माफ होते, कारण रूळ परदेशातून आले होते. माझ्या बापाला एक माफ झाला नाही. हे मी नंतर किती वेळा मनात म्हटलंय. आंघोळ करताना, भाजी निवडताना, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असताना. तोंडावर म्हणायला हवं होतं, असं सुनंदा म्हणते. काय उपयोग? त्यांनी मन दुखवायला केलं असतं तर भांडता आलं असतं. त्यांनी ते दुरुस्ती म्हणून केलं. चालणं हाच ज्याचा धंदा होता, दर थंडीत ज्याने कोसच्या कोस रूळ तुडवले आणि ज्याच्या चालण्यावर रात्रीच्या गाड्या सुखरूप गेल्या, त्याचे पाय त्यांना जास्तीचे वाटले. आणि सगळ्या हॉलमध्ये ते कुणाला खटकलं नाही. खटकलं ते फक्त एका म्हातारीला, जिला नीट दिसत नाही.

आम्ही रिक्षाने निघालो. धायरी फाट्यापाशी आल्यावर आई म्हणाली, थंडी लय वाजते, काच लाव. रिक्षाला काच नसते. मी मफलर काढून तिच्या पायांवर टाकला.

यंदाच्या थंडीत तिची नजर आणखी गेलीये. एचओचा माणूस आता तिला मुंगीएवढासुद्धा दिसत नाही. म्हणून मी स्केल बदलली. 'जी' स्केल घेतली, ती बागेतली दांडगी. या स्केलची गाडी आमच्या घरात वळत नाही. रूळसुद्धा वीतभरच ठेवलाय, भिंतीपाशी जाऊन संपतो. बाकी फक्त एक दार आणि एक माणूस, चांगला बोटाएवढा उंच. ग्रुपवर या स्केलचं नाव काढलं असतं तर हसले असते. फ्लॅटमध्ये 'जी' म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं आमच्यात म्हणतात. स्केल निवडताना जागा बघावी, हे मला आता कुणी शिकवायला नको. आमच्या फ्लॅटमध्ये एवढीच जागा आहे, आणि ती मी कुणाला द्यावी हे माझं मी ठरवलंय.

परवा दुपारी रंग वाळल्यावर तो आईच्या हातात दिला. ती डोळे मिटूनच चाचपत होती. बोट हातोड्यावरून, घोंगडीवरून खाली गेलं, बुटांपाशी थांबलं. डाव्या बुटावर या वेळी खरा दोरा शिवलाय, तो नखाला लागतो. तिने तो नखाने दोनदा ओढून पाहिला. मग तिने त्याला दारासमोर उभं केलं, चौकटीवरून हात फिरवला आणि चौकट कुठे संपते, डोकं कुठे येतं, ते अंगठ्याने पाहिलं.

"वाकव रे त्याले जरा," ती म्हणाली. "डोक्याले लागन."

आत तांब्याची तार आहे, मऊ. सहज वाकवता आली असती. मी वाकवली नाही.